घरांतील समुद्र आणि त्याचें शरणालय

आमच्या घराण्यांत, ठाऊक असलेल्या सात पिढ्यांत, मासा म्हणून उंबरठ्याच्या आंत आला नव्हता. चार वर्षांपूर्वीं तो आला. आणि आला तो स्वयंपाकघरांत नव्हे, तर बैठकीच्या खोलींत, काचेच्या पेटींत, जिवंत! नातवानें दहावीच्या सुटींत वडिलांच्या मागें लागून खाऱ्या पाण्याचें मत्स्यालय मांडलें. पुण्यासारख्या गांवीं, समुद्रापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, सह्याद्रीच्या अलीकडे बसून घरांत समुद्र मांडावयाचा, ही कल्पना मला प्रथम पोरकटच वाटली. शेजारच्या सारस्वत स्नेह्यांनीं तर "मास्तर, अखेर आमच्या पंक्तीला आलांत म्हणावयाचें!" अशी थट्टाही केली. परंतु नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन 'विदूषक' मासे त्या पेटींत फिरूं लागले, आणि सायंकाळीं शुभंकरोति झाल्यावर घरांतील मंडळी आपण होऊन तिच्यापुढें बसूं लागली, तेव्हां माझा विरोध मावळला.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ही वरची शोभा नव्हे. त्या पेटीखालच्या कपाटांत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या दृष्टीस न पडणारें एक लहानसें कुंड आहे. त्याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत. तें कुंड आमच्या घरीं कसें आलें हें सांगतांना माझी स्वतःची एक चूक कबूल करणें प्राप्त आहे. ती आधींच सांगून टाकतों.

त्या वर्षीं दिवाळींत नातवास कांहींतरी अपूर्व भेट द्यावी असें माझ्या मनांत आलें. दुकानांत एक मासा पाहिला. जेमतेम बोटाएवढा, पण निळ्या अंगावर नारिंगी आणि हिरव्या रंगांची अशी वेलबुट्टी कीं पैठणीचा पदर आठवावा. त्याला 'मँडरिन' म्हणतात. दुकानदारास मीं किंमतीखेरीज कांहींही विचारलें नाहीं. घरीं आणल्यावर नातू आनंदला नाहीं. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "आजोबा, हा मासा गोळ्या खात नाहीं हो. आणि आपली टाकी अजून सहा महिन्यांचीच आहे." मीं आयुष्यभर मुलांना शिकविलें, अर्थात् मलाच अधिक कळत होतें! मी म्हणालों, "भूक लागली म्हणजे मुकाट्यानें खाईल. तुझे बाबाही कारलें असेच खाऊं लागले."

मासा कारलें खाणाऱ्या मुलांतला नव्हता. समुद्रांत हा प्राणी दिवसभर दगडावरून संथपणें सरकत, डोळ्यांस जेमतेम दिसतील असे बारीक कवचधारी जीव एकेक करून टिपत असतो. पाण्यावर टाकलेली कोरडी गोळी त्याच्या लेखीं अन्नच नव्हे. नातवानें बाजारांतून गोठविलेली बारीक कोळंबी आणली. ती ठेवावयाची कोठें? "माझ्या फ्रीजमध्यें ती यावयाची नाहीं," असें आमच्या सौभाग्यवतींनीं निक्षून सांगितलें. तेव्हां थट्टा करणारे सारस्वत स्नेहीच कामास आले. त्यांच्या फ्रीजमध्यें तिची सोय झाली. परंतु माशानें तिलाही तोंड लावलें नाहीं. त्याचें पोट खपाटीस गेलें, पाठीचा कणा दिसूं लागला, आणि सातव्या आठवड्यांत एके सकाळीं तो तळाशीं आडवा पडलेला आढळला. नातू मला एक शब्दही बोलला नाहीं. बोलला असता तर बरें झालें असतें.

याच सुमारास पेटीची दुसरी व्यथा उघड होत होती. दगडांवर हिरवट तपकिरी लव चढत होती. काच आज पुसावी तों परवां पुन्हा बुरसट. पाणी वरवर स्वच्छ दिसे. पण परीक्षेचे थेंब टाकले असतां नलिकेंत लालभडक रंग येई. लिटरमागें ६० मिलिग्रॅम नायट्रेट! मासा मेला तो भुकेनें आणि पाणी बिघडलें तें घाणीनें. दोन्ही रोग निराळे. पण त्यांवर औषध एकच निघालें, म्हणून दोहोंचें मूळ थोडक्यांत सांगतों.

माशाची विष्ठा, उरलेलें अन्न, कुजणारा पाला यांपासून अमोनिया उत्पन्न होतो. तो माशांस विषासमान. दगडांच्या छिद्रांत राहणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट करतात, हेंही विषारीच. दुसरे जंतु त्याचें नायट्रेट करतात. हें त्या मानानें सौम्य. येथवर काम ठीक चालतें. पुढें मात्र गाडी अडते. दगडाच्या गाभ्यांत, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं, तेथें कांहीं जंतु नायट्रेटचा नायट्रोजन वायु करून सोडतात खरे, परंतु भरवस्तीच्या पेटींत तेवढ्यानें भागत नाहीं. नायट्रेट साठत जातें. अन्नाबरोबर आलेलें फॉस्फेटही साठतें. मग जें खत शेतांत घालावें तेंच पाण्यांत झाल्यामुळें नको तेथें शेवाळ माजतें. दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलल्यानें साठा थोडा उतरतो. पण रोजचें जेवण चालूच असल्यामुळें तो पुन्हा चढतो.

समुद्रांत ही घाण जाते कोठें? कोठेंच जात नाहीं. ती कोणीतरी खातो. वनस्पति तिच्यावर वाढतात, वनस्पतींवर आणि त्यांच्या आडोशास बारीक जीव वाढतात, त्यांवर मासे जगतात. ही गोष्ट मत्स्यालयाच्या जन्मापासून ठाऊक आहे. १८५० सालीं लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं काचेच्या भांड्यांत मासे, पाणवनस्पति आणि गोगलगायी एकत्र ठेवून, एकाचें टाकाऊ तें दुसऱ्याचें अन्न या न्यायानें त्यांचा संसार चालतो हें दाखविलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें. पुढें पंप आले, गाळण्या आल्या, आणि वनस्पतीचें काम यंत्राकडे गेलें. तें पुन्हा वनस्पतीकडे सोंपविण्याचा मोठा प्रयोग १९८० च्या सुमारास वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेंत वॉल्टर अ‍ॅडे यांनीं केला. प्रवाळखडकाची जिवंत प्रतिकृति उभारून तिचें पाणी त्यांनीं उजेड दिलेल्या उथळ पात्रांतील शेवाळावरून फिरविलें, आणि तें शेवाळ वरचेवर खरवडून काढलें.

घरगुती पेटींत अडचण अशी कीं, मासे व शेवाळ एकत्र ठेवावें तर शेवाळ खाल्लें जातें, आणि बारीक जीव सोडावे तर ते वाढण्यापूर्वींच फस्त होतात. यास्तव, पाणी तेंच पण माशांस प्रवेश नाहीं, अशी एक निराळी खोली त्यांस द्यावी लागते. त्या खोलीस 'रेफ्युजियम' म्हणतात. शब्द लॅटिन आहे; पळून येऊन जेथें आश्रय घ्यावा तें स्थान, असा त्याचा अर्थ. आपल्या भाषेंत 'शरणालय' म्हटल्यास यथार्थ होईल. मी घरांत हाच शब्द वापरतों. नातू हसतो, पण आतां त्याच्याही तोंडीं तोच बसला आहे.

मासा गेल्यावर नातू सर्व पसारा मोडून टाकण्याच्या विचारांत होता. त्याला मी म्हणालों, "चूक माझी आहे. दोन मासे अजून जिवंत आहेत. त्यांच्यासाठीं काय करावयाचें तें तूं सांग; मी हाताखालीं काम करतों." पुढच्या जानेवारींत आम्हां दोघांचें काम सुरू झालें.

आमची मुख्य पेटी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे नऊ घनफूट किंवा सुमारें २५५ लिटर. तिच्याखालीं कपाटांत दुसरी पेटी असते तिला 'संप' म्हणतात. (हा संप हरताळाचा नव्हे, आणि आवारांतील जमिनीखालचा हौदही नव्हे, नांवापुरताच त्याचा भाऊ.) वरचें पाणी नळीनें खालीं उतरतें आणि पंपानें पुन्हा वर जातें. हा संप अडीच फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. पूर्ण भरल्यास ८८ लिटरांचा. त्यांत कांचेचे उभे पडदे सिलिकोननें चिकटवून तीन खण केले. पहिल्या खणांत पाणी उतरतें. तेथें फेंसाबरोबर मळ काढणारें यंत्र, ज्यास स्किमर म्हणतात तें, बसविलें. मधला खण एक फूट लांबीचा, हेंच शरणालय. त्यांत सुमारें २३ लिटर पाणी राहतें, म्हणजे वरच्या पेटीच्या दहाव्या हिश्शाच्या जरा आंतच. याहून मोठें करतां आल्यास अधिक बरें. तिसऱ्या खणांत परतीचा पंप. सिलिकोन घेतांना तें मत्स्यालयाचेंच घ्यावें. न्हाणीघराच्या सिलिकोनमध्यें बुरशीनाशक औषध असतें, तें माशांस बाधतें. चिकटविल्यावर आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरूं नये.

आतां दुसरी चूक. हिच्यांत आम्ही दोघेही भागीदार आहों. काम पुरें झाल्याच्या तिसऱ्या रात्रीं वीज गेली. पंप थांबला. पण परतीच्या नळीचें तोंड वरच्या पेटींत पाण्याच्या तीन इंच खालीं होतें. त्यामुळें तीच नळी उलटी वाहूं लागली, आणि तोंड उघडें पडेपर्यंत वरचें पाणी खालीं येत राहिलें. पहांटे सौ. उठल्या त्या घोट्याएवढ्या नव्हे, पण चांगल्या तळवाभर खाऱ्या पाण्यांत उभ्या राहिल्या. शाळेंत मुलांना मीं हौदाचीं उदाहरणें हजारों वेळां घातलीं; स्वतःच्या घरचें मात्र घातलें नाहीं! हिशेब सोपा आहे. वरच्या पेटीचें क्षेत्रफळ सहा चौरस फूट. म्हणजे एक इंच पाणी उतरल्यास १४ लिटर. तीन इंचांचें ४२ लिटर. संपांत ६० लिटर भरलेले. रिकामी जागा २८. उरलेले १४ लिटर जमिनीवर! उपाय एका सुईच्या टोंकाचा आहे. परतीच्या नळीला, पाण्याच्या पातळीच्या किंचित् खालीं, एक बारीक छिद्र पाडावें. पातळी छिद्राखालीं जातांच त्यांतून हवा शिरते आणि उलटा ओघ तुटतो. आतां वीज गेली असतां अर्धा इंच, म्हणजे सात लिटरच पाणी खालीं येतें. तें छिद्र क्षारानें व शेवाळानें बुजतें, म्हणून दर पंधरवड्यास सुईनें मोकळें करावें लागतें. आणि नवीन पेटी मांडणाऱ्यानें पहिल्याच दिवशीं पंप मुद्दाम बंद करून पाणी कोठवर चढतें तें पाहावें. हें दिवसां करावें, रात्रीं वीज मंडळावर सोंपवूं नये.

शरणालयांत लावावयाचें तें 'कीटोमॉर्फा' नांवाचें समुद्रशेवाळ. ग्रीक भाषेंत याचा अर्थ 'केशरूप'. दिसावयास मात्र हिरव्या शेवयांचा गुंता, सौ. नीं पाहतांच "या तर शेवयाच!" असें म्हटलें. यास माती लागत नाहीं, मूळ नाहीं; गोळा तसाच पाण्यांत ठेवावा. मुठीएवढा गोळा आम्हांस एका हौशी गृहस्थाकडून मिळाला. त्यावर दिवा रात्रीं लावावयाचा, दिवसां नव्हे. कारण असें कीं, रात्रीं वरच्या पेटींत अंधार असतो. सर्व प्राणी कर्बवायु सोडतात आणि पाण्याची अल्कता पहांटेपर्यंत घसरते. त्याच वेळीं खालचें शेवाळ उजेडांत असल्यास तो वायु तें शोषून घेतें आणि पाणी समतोल राहतें. आमचा दिवा २० वॅटचा. रात्रीं नऊपासून सकाळीं सातपर्यंत टायमरवर चालतो. महिन्याला सहा युनिटें वीज. एवढ्यानें कोणाचें दिवाळें वाजत नाहीं.

आतां एक महत्त्वाची गोष्ट. शेवाळ वाढलें म्हणजे घाण गेली असें नव्हे. ती फक्त पाण्यांतून शेवाळाच्या अंगांत गेली. तें शेवाळ तेथेंच कुजूं दिलें तर सर्व परत पाण्यांत. गोळा दाटला म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा कापून बाहेर काढावा, तेव्हांच नायट्रेट खरोखर घराबाहेर जातें. तें काम सौ. नीं आपणाकडे घेतलें आहे. काढलेलें शेवाळ दोनतीन पाण्यांनीं धुऊन, खारटपणा काढून, त्या गच्चीवरील कुंड्यांच्या खतांत घालतात. गुलाबास तें मानवलेलें दिसतें.

शेवाळाच्या गुंत्यांत सोडावयाचे ते 'कोपेपॉड'. ग्रीक भाषेंत 'कोपे' म्हणजे वल्हें आणि 'पोद्' म्हणजे पाय. हा दुसरा शब्द आपल्या 'पद्' या धातूचा सख्खा बंधु. संस्कृतांत वल्ह्यास 'अरित्र' म्हणतात. तेव्हां 'अरित्रपाद' हें नांव मीं त्यांस दिलें. मिलिमीटरभर लांबीचे हे जीव; बाटलींत आणले तेव्हां पाण्यांत धूळ हालते आहे इतकेंच दिसलें. रात्रीं दिवे मालवून सोडले, आणि महिनाभर त्यांजकडे पाहिलेंही नाहीं. मग एके रात्रीं विजेरी लावून पाहतों तों शरणालयाची कांच पांढऱ्या ठिपक्यांनीं भरलेली! सौ. नीं पोथी वाचण्याचें भिंग लावून पाहिलें. माद्यांच्या पोटाशीं अंड्यांच्या पिशव्या लोंबत होत्या. "अगबाई, लेकुरवाळ्या आहेत कीं!" असें म्हणून त्या बराच वेळ तेथेंच बसल्या. ज्या घरांत कोळंबीस मज्जाव झाला, त्याच घरांत तिच्याच कुळांतील हें बारीक गोत आजीच्या देखरेखीखालीं वाढूं लागलें. त्यांपैकीं कित्येक पंपावाटे वर जातात आणि माशांचे घांस होतात. पण खालचें बीज कधीं संपत नाहीं. शरणालयाचा हाच खरा उपयोग. तेथील जीवांस मरण नाहीं असें नव्हे. वंश राखण्यापुरती उसंत मात्र आहे.

जानेवारींत ६० असलेलें नायट्रेट मे अखेर १० वर आलें. दगडांवरची लव ओसरली. तथापि यास जादू समजूं नये. पाणी बदलणें सुटलेलें नाहीं, कारण शेवाळ पाण्यांतील लोहादि द्रव्यांचाही फडशा पाडतें. माशांची संख्या वाढविली तर हें लहानसें कुंड पुरें पडणार नाहीं. उलट, नायट्रेट व फॉस्फेट अगदींच संपलें तर शेवाळ उपाशीं पांढरें पडतें.

दोन इशारे देणें अवश्य आहे. पहिला असा : शरणालयासाठीं कित्येक जण 'कॉलर्पा' नांवाचें पिसासारखें सुंदर शेवाळ लावतात. तें एकाएकीं सर्व बीजें सोडून एका रात्रींत विरघळतें आणि शोषलेली सर्व घाण पाण्यांत परत ओततें. शिवाय त्याची एक जात १९८४ सालीं मोनॅको येथील मत्स्यालयाखालच्या समुद्रांत आढळली, आणि पुढें भूमध्य समुद्राचा तळ तिनें दूरवर व्यापिला. २००० सालीं तीच कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दिसली. ती निपटून काढण्यास सहा वर्षें लागलीं. यास्तव पेटींतील कोणतेंही शेवाळ, पाणी वा प्राणी नदींत, खाडींत किंवा समुद्रांत सोडूं नये. दुसरा इशारा : सर्व कठीण प्रवाळ व समुद्री घोडे २००१ सालापासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रक्षिलेले आहेत. किनाऱ्यावर सहलीस गेलों म्हणून तेथील प्रवाळाचा तुकडा पिशवींत घालून आणणें हा गुन्हा होय. आमचे दगड सच्छिद्र व कृत्रिम आहेत. जंतूंस तेवढे पुरतात.

पुन्हा मँडरिन विकत आणावयाचा नाहीं, असें आम्हीं ठरविलें होतें. बाजारांतील बहुतेक मँडरिन दूरच्या समुद्रांतून धरून आणलेले असतात, आणि कित्येकांची गत आमच्या पहिल्यासारखीच होते. परंतु त्या वर्षीं आश्विनांत, बदलीमुळें शहर सोडून जाणारे एक परिचित आपला मँडरिन घेऊन दारीं आले. मासा रोडावलेला होता. नातवानें माझ्याकडे पाहिलें. या खेपेस मीं कांहींच सांगितलें नाहीं. त्यानें विजेरी लावून शरणालयाची कांच पाहिली, वरच्या पेटींतील दगडांमागें पाहिलें, दोन रात्रीं विचार केला आणि मग "ठेवूं या" म्हणाला.

त्याला आतां अडीच वर्षें होत आलीं. नातू शिक्षणासाठीं वसतिगृहांत गेला आहे. पेटी आम्हां म्हाताऱ्यांच्या ओटींत घालून गेला. दर रविवारीं त्याचा दूरध्वनि येतो. नमस्कार झाला कीं पहिला प्रश्न ठरलेला : "आजोबा, पोट कसें आहे?" शेजारचे स्नेही एकदां समोर बसले होते, ते म्हणाले, "मास्तर, नातू मोठा मायाळू हो, तुमच्या पोटाची चौकशी करतो!" मीं त्यांना पेटीपुढें नेलें. दगडावरून निळी वेलबुट्टी संथपणें सरकत होती, कांहींतरी टिपत होती, आणि तिचें पोट चांगलें गोल होतें.